परसातल्या कोंबड्यांचे जंत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (राऊ) : आम्ही कोंबड्यांना दर तीन महिन्यांनी पाण्यातून पायपेराझिन देतो, तरीही विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात. औषध निकृष्ट असेल का?

उत्तर : औषधात दोष असेलच असे नाही. पायपेराझिन आतड्यातल्या मोठ्या गोलकृमींवर चालते. आपण वर्णन केलेले तुकडे मात्र बहुधा पट्टकृमींचे आहेत आणि त्यांच्यावर या औषधाचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेलसारखे वेगळे औषध लागते व त्याची मात्रा पशुवैद्यकांनी कोंबडीचे वजन पाहून ठरवायला हवी. पट्टकृमी मुंग्या, भुंगेरे आणि माश्या खाल्ल्याने कोंबडीच्या पोटात शिरतात, म्हणून खुराड्याजवळचे उकिरडे हटवले नाहीत तर योग्य औषधानंतरही हे तुकडे पुन्हा दिसू लागतील.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : पावसाळ्यात औषध दिले की काही दिवस बरे जातात, पण दीड-दोन महिन्यांत तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) पुन्हा खंगतात. असे का होते?

उत्तर : औषध कोंबडीच्या पोटातले जंत मारते, अंगणात पडलेली त्यांची अंडी तशीच राहतात, आणि माझ्या मते परसातल्या बहुतेक पालकांचे श्रम इथेच वाया जातात. गोलकृमीचे अंडे विष्ठेतून बाहेर पडल्यावर ऊब आणि ओल मिळाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होते. ते दाण्याबरोबर पोटात गेले की पाच ते आठ आठवड्यांत नवा जंत अंडी घालू लागतो. आपला दीड-दोन महिन्यांचा अनुभव या चक्राशी जुळतो. माळव्यातली काळी माती पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि ओलसर सावलीत ही अंडी महिनोन्‌महिने टिकतात. नेहमीची जंतुनाशके त्यांच्यापुढे फारशी चालत नाहीत. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना मारतो. म्हणून खुराड्यातला भुसा कोरडा ठेवावा, ओला झालेला लगेच काढावा, दाणा जमिनीवर न विखुरता भांड्यात द्यावा, पाण्याच्या भांड्याभोवती चिखल होऊ देऊ नये आणि जागा असेल तर अंगणाचे दोन भाग करून एक भाग आलटून पालटून रिकामा ठेवावा. तीन महिन्यांपुढच्या कोंबडीत गोलकृमींविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती येते, तलंगांत ती कमी असते. त्यामुळे त्यांना मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या जागेवर सोडणे टाळावे. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले तरी जंतांचा त्रास वाढतो, तेव्हा हिरवा पाला रोज द्यावा. कडुनिंब आणि लसूण यांच्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (महू) : चार आठवड्यांच्या कडकनाथ पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसते. जंताचे औषध दिले, तरी दोन पिल्ले दगावली.

उत्तर : या वयात रक्ताळलेली विष्ठा दिसली की पहिला संशय कॉक्सिडिओसिसचा, म्हणजेच रक्ती हगवणीचा, घ्यावा. हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवींमुळे होतो आणि जंताचे औषध त्यांच्यावर चालत नाही. अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल लागते. उरलेल्या पिल्लांना आजच पशुवैद्यकांकडे न्यावे, कारण या रोगात एक दिवसाचा उशीरही महाग पडतो. कडकनाथ काटक जात असली तरी तिच्या पिल्लांना या रोगापासून सूट नाही.

प्रश्न (देवास) : कोंबडीचे जंत घरातल्या मुलांना होतात का? औषधानंतर अंडी खावीत का?

उत्तर : कोंबडीचा मोठा गोलकृमी माणसाला होत नाही. मात्र विष्ठेतून इतर रोगजंतू पसरतात, म्हणून मुलांनी हात साबणाने धुवावेत. अंड्यांसाठी प्रत्येक औषधाचा वर्ज्य काळ वेगळा असतो. औषध घेतानाच तो डॉक्टरांना विचारून घ्यावा आणि तो संपेपर्यंतची अंडी खाऊ नयेत, विकूही नयेत.

प्रश्न (इंदूर) : विष्ठेची तपासणी कशी करून घ्यावी?

उत्तर : सकाळची ताजी विष्ठा तीन-चार ठिकाणांहून उचलून झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्यावी, डबीवर तारीख व पक्ष्यांचे वय लिहावे आणि ती त्याच दिवशी पोहोचवावी. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. जवळच्या सरकारी पशुचिकित्सालयात किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करून जावे. औषध दिल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा, म्हणजे औषध लागू पडले की नाही ते कळते.