थेंब नेमका डोळ्यात पडतो का?

वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७२ वर्षे आहे. त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असून दिवसातून चार वेळा एकेक थेंब टाकायला सांगितला आहे. परंतु ५ मिलीलिटरची बाटली नवव्या दिवशीच संपली आणि डोळ्याची लाली अजून तशीच आहे. सध्या कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे आम्ही सगळे वावरात असतो आणि औषध ते स्वतःच टाकतात. विचारले की म्हणतात, "मले सारं येते, थेंब बराबर डोयात जाते." त्यांचे म्हणणे खरे मानावे का?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी डोळ्याचे बोलू. नऊ दिवसांनंतरही लाली उतरत नसेल, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना डोळा लगेच दाखवा. दुखणे वाढले किंवा नजर अंधूक झाली, तर एक दिवसही थांबू नका. आतल्या संसर्गाची शक्यता कमी असली, तरी तो झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

आता बाटलीचा हिशेब करू. एका मिलीलिटरमध्ये साधारणपणे २० ते ३० थेंब असतात, म्हणजे तुमच्या बाटलीत किमान १०० थेंब होते. दिवसाला चार याप्रमाणे नऊ दिवसांत ३६ थेंब लागायला हवे होते. उरलेले साठ-पासष्ट थेंब गालावर, उशीवर किंवा खांद्यावरच्या दुपट्ट्यावर गेले असणार. तरीही सासरे खोटे बोलत आहेत असे मुळीच समजू नका. गार लागले म्हणजे औषध आत गेले, अशी बहुतेकांची खूण असते. पण थेंब पापणीवर पडला तरी तितकेच गार लागते. कॅनडात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ५४ रुग्णांना औषध टाकताना प्रत्यक्ष पाहिले गेले आणि तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ९३ टक्के रुग्णांच्या पद्धतीत काही ना काही चूक आढळली; बहुतेकांनी हात धुतले नव्हते, निम्म्याहून अधिक जणांनी बाटलीचे टोक कशाला तरी टेकवले आणि जवळपास एकतृतीयांश जणांचा थेंब डोळ्यात पडलाच नाही. त्याच रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्के जणांना मात्र आपला नेम कधी चुकत नाही असे वाटत होते. म्हणून सासऱ्यांना विचारू नका. उद्या सकाळचा थेंब ते टाकतील तेव्हा शेजारी बसा आणि काही न बोलता पाहा.

पाहताना बाटलीचे तोंडही तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या छिद्राविना येतात; झाकणाच्या आत एक अणकुचीदार टोक असते आणि झाकण घट्ट फिरवले की त्याने बारीक छिद्र पडते. हे कोणी सांगत नाही. मग तापवलेली सुई, सेफ्टी पिन, क्वचित बाभळीचा काटासुद्धा वापरला जातो. टोक ब्लेडने कापलेल्या बाटल्या तर मी तपासणीच्या टेबलावर अनेकदा पाहिल्या आहेत. अशा छिद्रातून थेंब न पडता धार लागते. तुमची बाटली इतक्या लवकर संपण्याचे कारण हेही असू शकेल.

बसून, मान मागे टाकून औषध टाकणे या वयात कठीण जाते, कारण मान वळत नाही, हात थरथरतो आणि चष्मा काढल्यावर बाटलीचे टोक दिसत नाही. त्यांना साबणाने हात धुवून खाटेवर उताणे झोपू द्या. नजर वर आढ्याकडे ठेवून एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की तिथे छोटीशी खोबण तयार होते. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवून, टोक कशालाही न लावता, त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. त्या जागेत पुरता एक थेंबही मावत नाही, त्यामुळे लगोलग टाकलेला दुसरा थेंब पहिल्यालाही सोबत घेऊन बाहेर ओघळतो. नंतर डोळा न आवळता अलगद मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने हलका दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या बुबुळावर मात्र दाब देऊ नये.

एवढे करूनही नेम चुकत असेल, तर झोपून डोळा मिटावा, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकावा आणि मग डोळा उघडून दोन-तीनदा पापण्या मिचकाव्यात. औषध आपोआप आत उतरते. आणि औषध दुधासारखे पांढरट असेल, तर दर वेळी बाटली हलवल्याशिवाय टाकू नये, नाही तर औषध तळाशी राहते आणि डोळ्यात नुसते पाणी जाते.

प्रश्न : मला काचबिंदूसाठी दोन औषधे दिली आहेत. सकाळी शेतावर जायची घाई असते, म्हणून दोन्ही पाठोपाठ टाकतो. चालेल का? मला दम्याचाही त्रास आहे.
— एक वाचक, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : चालणार नाही, दुसरे औषध पहिल्याला धुऊन काढते. मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या. पहिले टाकून चहा ठेवा, चहा झाला की दुसरे टाका. दम्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. काचबिंदूच्या काही थेंबांत टिमोलॉल नावाचे औषध असते. ते रक्तात मिसळून दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकते आणि नाडीही मंदावू शकते. दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दमा असल्याचे स्पष्ट सांगा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, कारण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाटल्या खिडकीत किंवा टिनाच्या छपराखाली ठेवू नका, तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. फ्रिज नसेल, तर 'थंड, कोरड्या जागी ठेवा' एवढीच सूचना असलेली बाटली झाकणाच्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या रेतीवर ठेवता येते. फ्रिजमध्येच ठेवायचे औषध असेल, तर मेडिकलमधून एका वेळी एकच बाटली आणा.

प्रश्न : आईच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मुलाचे डोळे आले तेव्हा वापरले तर चालतील का?
— एक वाचक, धारणी

उत्तर : नाही. उघडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर टाकून द्यायची असते. शिवाय ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने काही संसर्ग आणखी बळावतात आणि ते बरेच दिवस टाकल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवत जा.