जुने सर गेल्यावर

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली: फुटबॉल संघाचे जुने मॅनेजर किंवा कोच गेले की पुढे काय करायचं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून आजची सगळी जागा या तिघांना.

प्रश्न: सर, मी नाशिकला बारावीत आहे. मँचेस्टर युनायटेडचा पक्का चाहता. दादा म्हणतो, आमचे मॅनेजर फर्ग्युसन गेले आणि सगळं संपलं, असा माणूस पुन्हा मिळणं नाही. मग मॅनेजर क्लॉप गेल्यावर लिव्हरपूलने पहिल्याच वर्षी इंग्लंडची लीग कशी जिंकली? नवा मॅनेजर निवडताना नक्की काय चुकतं?

उत्तर: दादाचं अर्धं बरोबर आहे. असा माणूस पुन्हा मिळत नाही. पण बोर्डाने तसाच माणूस शोधायला निघणं, घोळ तिथूनच सुरू होतो असं माझं मत आहे.

फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये आले आणि मे 2013 मध्ये गेले. साडेसव्वीस वर्षं, 38 चषक, त्यांत प्रीमियर लीगची 13 विजेतेपदं. शेवटचं तर 11 गुणांच्या फरकाने. 8 मेला त्यांची निवृत्ती जाहीर झाली आणि 9 मेला डेव्हिड मॉयेस यांचं नाव. शिफारस खुद्द फर्ग्युसन यांची. दोघेही ग्लासगोचे, दोघेही कडक शिस्तीचे, मॉयेस एव्हर्टन क्लबला 11 वर्षं टिकलेले. म्हणजे कागदावर तरी तंतोतंत जुन्या साच्यातला माणूस. करार सहा वर्षांचा केला, स्टेडियममध्ये ‘द चोझन वन’ असा भलामोठा फलक लागला आणि 22 एप्रिल 2014 ला, दहा महिन्यांच्या आत, त्यांना घरी पाठवलं. गतविजेता संघ त्या मोसमात सातवा आला.

मॉयेस वाईट कोच होते असं मी कधीच म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात आणखी काय काय घडलं ते बघ. करार आणि खेळाडूंची खरेदी इतकी वर्षं सांभाळणारे मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल त्याच वेळी पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले एड वुडवर्ड त्या कामात नवे. मॉयेस यांनी एव्हर्टनहून आपले सहायक आणले, त्यामुळे माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि गोलकीपरांचे कोच एरिक स्टील हे जुने जाणते लोकही गेले. दुकानाचा मालक, मुनीम आणि काउंटरवरची जुनी माणसं एकाच महिन्यात गेली, तर नव्या मालकाला उधारीची वही कुठे ठेवलीय हेसुद्धा सापडत नाही. उन्हाळाभर शोधाशोध करून खरेदीच्या शेवटच्या दिवशी हाती लागला तो मॉयेस यांच्याच जुन्या क्लबचा फेलायनी, 2 कोटी 75 लाख पौंडांना.

आता लिव्हरपूलकडे ये. क्लॉप यांनी 26 जानेवारी 2024 लाच सांगून टाकलं की मोसम संपला की मी जातो. क्लबला चार महिने मिळाले. त्या चार महिन्यांत त्यांनी आधी मॅनेजरच्या वरची माणसं बसवली: क्लबचे जुने स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंची खरेदी बघणारे, मायकेल एडवर्ड्स यांना परत आणलं, रिचर्ड ह्यूज यांना स्पोर्टिंग डायरेक्टर नेमलं. कोचचं नाव त्यानंतर ठरलं. सगळीकडे जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबचा कोच शाबी अलोन्सो याच्या नावाची चर्चा होती, पण त्याने तिथेच राहायचं ठरवलं. निवडले गेले नेदरलँड्सच्या फेयेनूर्ड क्लबचे आर्ने स्लॉट. इथे एक बारीक गोष्ट बघ, कारण माझ्या मते सगळं मर्म तिच्यात आहे. क्लॉप ‘मॅनेजर’ होते, स्लॉट यांना पद दिलं ‘हेड कोच’. पाटी बदलण्यापुरती ही गोष्ट नाही. खेळाडू कुठला घ्यायचा, कराराची बोलणी कोणी करायची, ही कामं दुसऱ्यांच्या टेबलावर गेली. नव्या माणसाने करायचं काय, तर संघ खेळवायचा. खुर्ची आधी मापाची करून घेतली आणि मग तिच्यावर माणूस बसवला.

क्लॉप यांचे सहायकही त्यांच्याबरोबर गेले होते, तरीही घर कोसळलं नाही, ते याच कारणाने.

आणि हो, वारसाही चांगला मिळाला. 2023 च्या उन्हाळ्यात क्लॉप यांनी मधली फळी नवी केली होती. मॅक ॲलिस्टर, सोबोस्लाय, ग्रावेनबेर्ख ही पोरं तयार होती. युनायटेडला मात्र स्कोल्स निवृत्त झालेला, गिग्ज चाळिशीला टेकलेला, फर्डिनंड, विडिच, एव्रा तिशी ओलांडलेले. तेव्हा थोडं नशीबही यात आहेच. पण स्लॉट यांचं काम बघ. बचावफळीच्या पुढे खेळायला त्यांना स्पेनच्या सोसिएदाद क्लबचा सुबिमेंडी हवा होता. तो नाही म्हणाला. त्यांनी रडगाणं न गाता ग्रावेनबेर्खला त्या जागी उभं केलं. आदल्या मोसमात बऱ्याच वेळा बेंचवर बसणारा तो पोरगा संपूर्ण मोसम तिथे खेळला, वळून चेंडू घ्यायला लागला, आणि 27 एप्रिल 2025 ला टॉटनहॅमला 5-1 हरवून लिव्हरपूलने लीग खिशात घातली. पुढच्या मोसमात, संघ बराच बदलल्यावर, त्यांनीही ओळीने सामने गमावले. पण घर हाती घेताना ते पडलं नाही, हे खरं.

प्रश्न: मी ठाण्याचा निवृत्त बँक अधिकारी. एके काळी लिव्हरपूल उभा करणाऱ्या बिल शँकलींना निवृत्तीनंतर सरावाला येऊ नका असं सुचवलं गेलं, असं वाचलं. हा कृतघ्नपणा नाही का? आणि पुढचा माणूस निवडण्यात जुन्याचा शब्द असावा की नाही?

उत्तर: तुमच्या पत्रातली हळहळ मला पोहोचली. मलाही ती गोष्ट वाचताना दर वेळी गलबलून येतं.

शँकली डिसेंबर 1959 मध्ये आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत होतं. जुलै 1974 मध्ये त्यांनी अचानक राजीनामा दिला. क्लबने फार दूर पाहिलं नाही. बूट ठेवायच्या एका लहानशा खोलीत कोच मंडळी बसून रोजच्या सरावाची चर्चा करत, त्या खोलीतल्याच बॉब पेझली यांना पुढे केलं. खाणकामगाराचा मुलगा, 1939 पासून क्लबात, आधी खेळाडू, मग दुखापती बघणारा, मग कोच. त्यांना ही जागा मनापासून नकोच होती. बोलायला संकोची. पण कोणाचा गुडघा कधी दुखतो आणि कोण दुखण्याचं सोंग करतो हे चालण्यावरून ओळखणारे. पहिल्या वर्षी एकही मोठा चषक नाही, लीगमध्ये दुसरे. बोर्ड डगमगलं नाही. नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक) आले.

पण त्या 1974 च्या उन्हाळ्यात मेलवुडच्या सरावमैदानावर काय होत होतं? शँकली रोज सकाळी सरावाला येत. पोरं सवयीने त्यांनाच ‘बॉस’ म्हणत, आणि शेजारी नवा बॉस उभा. तुम्ही बँकेत होता, कल्पना करा: बदली झालेले जुने मॅनेजर रोज दहा वाजता शाखेत येऊन बसतात आणि कॅशियर सही कुणाची घ्यायची म्हणून त्यांच्याकडे बघतो. शेवटी त्यांना सूचित करावं लागलं. ते फार दुखावले. त्यांचं घर एव्हर्टनच्या सरावमैदानाला लागून होतं, मग ते तिथे जाऊ लागले आणि त्या प्रतिस्पर्ध्यांनी त्यांचं आदराने स्वागत केलं.

तुम्ही विचारता, कृतघ्नपणा का? थांबायला सांगणं बरोबर होतं, असं मी म्हणेन. पण निरोपाच्या दिवशीच त्यांना एखादी मानाची जागा, एखादं काम नेमून दिलं असतं तर ही वेळ आली नसती. ती चूक क्लबची. दुसरं टोक युनायटेडने दाखवलंय. मॅट बझबी 1969 मध्ये मॅनेजरपदावरून बाजूला झाले पण जनरल मॅनेजर म्हणून तिथेच राहिले, आणि संघ दिला 31 वर्षांच्या विल्फ मॅकगिनेसकडे. ज्यांच्याबरोबर तो खेळला, त्यांनाच त्याने हुकूम द्यायचे. डिसेंबर 1970 मध्ये त्याला काढलं आणि मोसम संपेपर्यंत बझबीच पुन्हा आले.

आता शब्द असावा का? त्याच 1974 मध्ये लीड्स क्लबचे मॅनेजर डॉन रेव्ही 13 वर्षांनी इंग्लंडच्या संघाकडे गेले. जाताना त्यांनी जॉनी जाइल्स या आपल्या खेळाडूचं नाव सुचवलं. बोर्डाने ते डावललं आणि आणलं ब्रायन क्लफ यांना, ज्यांनी अनेक वर्षं लीड्सच्या खेळावर जाहीर टीका केली होती. त्यांचे नेहमीचे जोडीदार पीटर टेलर ब्रायटनलाच राहिले, म्हणजे क्लफ एकटेच आले. तुमचे चषक कचऱ्यात टाका, ते लबाडीने मिळवलेत, असं ते आल्या आल्या म्हणाल्याचं खेळाडू पुढे सांगत. 44 दिवसांत गाशा गुंडाळला. हेच क्लफ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला दोनदा युरोपियन कप जिंकून देतात, त्यामुळे कर्तबगारीचा प्रश्नच नव्हता.

माझं मत असं बनलंय: जुन्याला नाव विचारू नये, काम विचारावं. रेव्हींचं नाव मानलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, फर्ग्युसन यांचं मानलं ते अंगाशी आलं. नावात माणसाचं प्रेम मिसळतं. पण ‘सकाळी किती वाजता येता, कुणाशी काय बोलता, कुठली गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक आहे’ हे विचारलं तर तो जे सांगतो ते सोन्यासारखं असतं.

प्रश्न: सर, मी कोल्हापूरचाच. आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाचे कोच वयामुळे या मोसमानंतर थांबणार. बाहेरचा, कोचिंगचं लायसन्स असलेला आणावा की आपल्यातलाच जुना खेळाडू? आणि जुन्या सरांना पहिल्या मॅचला बोलवावं का?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मी बराच वेळ थांबलो. मी स्वतः एका पेठेतल्या संघाच्या कमिटीत असताना हेच घडलं. आमच्या सरांनी बावीस वर्षं संघ सांभाळला. ते थांबले आणि आम्ही मोठ्या उत्साहाने बाहेरगावचा शिकलेला कोच आणला. माणूस अभ्यासू होता. वहीत आकृत्या काढून समजावायचा, पोरांना आवडायचाही.

दोन महिन्यांत प्रॅक्टिसला नऊ पोरं उरली.

का, ते मला सरांच्या घरी गेल्यावर कळलं. त्यांनी कपाटातून एक निळी डायरी काढली. पानापानावर पोरांची नावं आणि पुढे बुटाचं माप. एकाच्या नावापुढे ‘वडिलांना दर सोमवारी भेटणे’. दुसऱ्यापुढे ‘नाइट ड्यूटी, सकाळी फोन करून उठवणे’. तिसऱ्यापुढे नुसतं ‘जेवण’. तो पोरगा उपाशीपोटी यायचा आणि सर येताना डबा आणायचे. ही कामं कोण करणार, हे आम्ही नव्या कोचला सांगितलंच नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. त्या भल्या माणसाला आम्ही अर्ध्या मोसमात जाऊ दिलं. त्याचा अपराध नव्हता, आमचा होता, आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

म्हणून तुमच्या सरांबरोबर मोसम संपायच्या आत दोन-तीन संध्याकाळी बसा. सगळं लिहून घ्या: किटची किल्ली, नोंदणीचे कागद, डॉक्टर कोण, कुठल्या घरी कुणी जायचं. मग त्या कामांची वाटणी करा. अर्धी कामं कमिटीतले चारजण करू शकतील. उरलेल्या कामाला, म्हणजे खेळ शिकवायला, कोण चांगला ते बघा. तो बाहेरचा निघाला तर बाहेरचा आणा, शिकलेल्या माणसाची आपल्याकडे गरजच आहे. आपल्यातला आणलात, तर काल ज्यांच्याबरोबर तो कट्ट्यावर बसत होता त्या दोन-तीन मोठ्या खेळाडूंशी कमिटीने आधी बोलून घ्यावं, त्याच्यावर सोडू नये. आणि काहीही केलं तरी दोन मोसमांचा शब्द द्या, आणि पाळा. शाहू स्टेडियममध्ये पहिली मॅच हरल्यावर पेठेत काय काय बोललं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

सरांना पहिल्या मॅचला जरूर बोलवा. घरी गाडी पाठवा, फेटा बांधा, पोरांना पाया पडू द्या. आणि मग त्यांना गॅलरीत, त्यांच्या मित्रांमध्ये बसवा. बेंचवर नको.