पिचर हाच खरा गोलंदाज

न्यू जर्सीहून एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, आहे. पुण्याच्या आजोबांना फोनवर 'गोलंदाज' सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, गोलंदाज क्रिकेटमध्ये. तुमच्याकडे पिचरच म्हणा." यात बरोबर कोण? आणि मोसम सुरू होताच 'अमका पिचर जखमी' अशा बातम्या येतात, त्यातलं 'जखमी' चालेल का?

'जखमी' चालणार नाही. हा शब्द इतक्या वेळा चुकीचा ऐकलाय की आधी त्याचंच सांगतो. जखम म्हणजे कातडी फाटली, रक्त आलं. २०२४ च्या मोसमात क्लीव्हलंडचा पिचर शेन बीबर याने पहिल्या दोन सामन्यांत मिळून १२ इनिंग (बेसबॉलचे छोटे डाव) टाकल्या, एकही धाव दिली नाही, २० जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. आणि लगेच कळलं की कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा (लिगामेंट), गेलाय. त्याच सुमारास अटलांटाचा पिचर स्पेन्सर स्ट्रायडर याचंही तेच झालं. दोघांपैकी कुणाच्याही हातावर साधा ओरखडा नव्हता. जखम झाली ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

आता गोलंदाज. आजोबांचा मान ठेवून सांगतो, ते चुकले. हा शब्द क्रिकेटचा नाहीच, तोफखान्याचा आहे. गोल म्हणजे तोफेचा गोळा आणि 'अंदाज' हे फारसी 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे या क्रियापदाचं रूप. तीर फेकतो तो तिरंदाज, बर्क म्हणजे वीज फेकतो तो बरकंदाज, म्हणजे बंदूकवाला शिपाई, आणि गोळा फेकतो तो गोलंदाज. झाशीच्या किल्ल्यावर कडकबिजली तोफ चालवणारा गुलाम गौस खान गोलंदाज होता. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातला गोलंदाजही तोफखान्यातलाच. हॉब्सन-जॉब्सन या इंग्रज अमदानीतल्या शब्दांच्या कोशात तर शब्दाची फोडच 'बॉल-थ्रोअर', म्हणजे गोळा फेकणारा, अशी दिली आहे. 'गोल चेंडूचा अंदाज घेणारा तो गोलंदाज' ही जी व्युत्पत्ती शाळाशाळांतून सांगितली जाते, ती कृपा करून थांबवा.

आणि खरी गंमत पुढे आहे. क्रिकेटमध्ये चेंडू फेकायला बंदी! हात वर येताना कोपर वाकलेलं असलं तरी चालतं, पण तिथून ते १५ अंशांहून जास्त सरळ झालं की चेंडू अवैध. आपण मराठीत अशाला 'फेकी गोलंदाज' म्हणतो, म्हणजे 'फेकणारा गोळा-फेकणारा'. ज्या खेळात फेकणं हा गुन्हा, त्या खेळाने 'फेकणारा' हा किताब मिरवायचा आणि जो खेळ निव्वळ फेकीवर उभा आहे, त्याला तो नाकारायचा, हा कुठला न्याय? पिचरला 'क्षेपक' म्हणा असं सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांनाही माझा सवाल आहे. चांगला, दोन-तीनशे वर्षं वापरलेला शब्द दारात उभा असताना नवा कशाला घडवायचा?

माझं आणखी एक आवडतं मत आहे, तेही इथेच मांडतो. फेकण्याचा अंदाज आणि अटकळ या अर्थाचा अंदाज हे दोन वेगळे शब्द धरू नयेत. फारसीतच 'अंदाजा' म्हणजे माप. तोफेवरचा माणूस नुसता गोळा सोडत नाही. दारू किती भरायची, तोंड किती उचलायचं, पल्ला कुठवर, हे नजरेने ताडतो आणि मग बत्ती देतो. फेकणं आणि मोजणं ही त्याची एकच क्रिया. पिचर नेमकं हेच करतो. त्याच्यापासून होम प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळची जमिनीतली पाटी, ६० फूट ६ इंचांवर, प्लेटची रुंदी १७ इंच. कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली उतरणारा चेंडू, तिथवर पोचताना किती खाली पडेल, हे चेंडू सोडण्याआधी त्याला ठाऊक असावं लागतं. टप्पा पडून चेंडू काय करील हा क्रिकेटमधला प्रश्न त्याला नाही, सगळा हिशेब हवेतच. तोफेच्या गोळ्याचंही तसंच.

फेकीची किंमत कोपर मोजतं. खांदा मागे वळलेला, छाती पुढे निघालेली आणि पंजा अजून मागेच राहिलेला, त्या क्षणी कोपराची आतली बाजू उसवू पाहते. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवली. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. बीबरचीही तीच झाली.

'जखमी'च्या जागी काय, ते राहिलंच. एखादा सामना हुकला तर 'कोपर दुखावलं'. नेमकं माहीत असेल तर 'अस्थिबंध फाटला'. बीबरसारखा वर्षभर बाहेर बसला तर 'जायबंदी', हा आपला जुना, भक्कम शब्द. 'दुखापतग्रस्त' मात्र मला नको. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त गावांच्या रांगेत एका माणसाचं कोपर नेऊन बसवू नये.