रात्रीची बाटली सुटत नाही तेव्हा

"बाटली तोंडात असल्याशिवाय तो झोपतच नाही, आणि दात तर किडायला लागलेत." ही काळजी घेऊन इतके पालक येतात की त्यापुढचं वाक्यही मला ठाऊक असतं: "तसे दुधाचेच दात, पडणारच आहेत ना?"

पडणार आहेत. पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या लवकर गेल्या तर कायमच्या दातांची जागा आक्रसते, आणि दुखणाऱ्या दाताचं मूल धड जेवत नाही, झोपत नाही.

एका 2 वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, पांढुरके पट्टे दिसू लागले होते. किडीची ही पहिली खूण. इथे थांबवलं तर दात सावरू शकतो. झोपेत लाळ कमी होते, दूध दातांवर रेंगाळतं आणि जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात, हे त्याच्या आईला पाठ होतं.

"मॅडम, कळतं सगळं. तरी रात्री हात बाटलीकडेच जातो."

"नाही दिली तर?"

"रडेल."

"रडला तर तुम्हाला काय वाटतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मी घाई केली नाही. मग म्हणाली, "दिवसभर मी कामावर. निदान रात्री तरी माझ्यामुळे रडू नये."

मुलाच्या हट्टामागे मोठ्यांच्या मनातलं न बोललेलं काहीतरी असतं, असं मी कायम मानत आले आहे. त्या बाटलीत आईची अपराधी भावना होती. ती बोलून झाली आणि पुढचं सोपं झालं, याचं मला आजही समाधान आहे. झोपण्याआधीची 20 मिनिटं फक्त दोघांची ठरली: दूध पेल्यातून, मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून ब्रश, मग गोष्ट. बाटली मागितलीच तर त्यात नुसतं पाणी. पहिले काही दिवस रडारड झाली, तेव्हा बाबांनी थोपटलं.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा, दिवसातून दोनदा. पेस्ट फ्लोराइडची, 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. 7-8 वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्याच हाती असावा. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे जास्त बघा. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट व्हायला हवी. पट्टे तपकिरी झाले, खड्डा दिसला किंवा मूल एकाच बाजूनं चावू लागलं, तर आधी त्यांच्याकडे जा. बाटलीचं आपण नंतर बोलू.