वळवानंतर डोंगर पांढरा दिसला, तर ते हिम की गारा?

वळीव सुरू झाला की हा प्रश्न येतोच. या वेळी तो दोघांकडून आला. करवीर तालुक्यातले एक शेतकरी विचारतात, "संध्याकाळी पाऊस उघडल्यावर पन्हाळ्याच्या बाजूचा डोंगर पांढराफेक दिसला. कोल्हापुरात बर्फ पडला म्हणून व्हिडिओ फिरतोय. तसं असेल तर थंडीनं उसाला काही होईल का?" गडहिंग्लजच्या एका ताईंचा मुलगा सैन्यात आहे, काश्मीरला. त्यानं मार्चमध्ये पाठवलेल्या फोटोत डोंगर असेच पांढरे होते. तो त्याला हिम म्हणतो, मग आपल्याकडं काय पडलं, असं त्या विचारतात.

ताई, मुलाचं बरोबर आहे. त्याच्याकडं हिम आणि आपल्याकडं गारा. दुरून ओळखायचं तर पांढऱ्या भागाची खालची कड बघा. हिम उंचीप्रमाणे टिकतं. ठरावीक उंचीच्या वर सगळी शिखरं पांढरी, खाली सगळं काळं-हिरवं, आणि मधली रेघ एका डोंगरावरून दुसऱ्यावर साधारण त्याच उंचीनं जाते. ऊन कमी लागणाऱ्या उत्तरेच्या उतारावर ती थोडी खाली येते, इतकंच. गारांना उंचीशी देणंघेणं नसतं. ढग ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं पट्टा पडतो. तो माथ्यावरून उतरतो, ओढा ओलांडतो, समोरच्या टेकडीवर चढतो, आणि शेजारचा त्याहून उंच डोंगर कोरडा राहतो. शिवाय गारांचा पांढरेपणा आपल्या उन्हात तास-दोन तासांत जातो. सावलीच्या घळीत ढीग साचला असेल तरच सकाळपर्यंत काही उरतं.

आपल्याकडं हिम का पडत नाही, याचं कारण साधं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा हजाराच्या आतबाहेर. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईही १,६४६ मीटर. एप्रिल-मेमध्ये हवेचं तापमान शून्यावर येतं ते साडेचार-पाच किलोमीटरवर. त्याच्या वर ढगात हिमकण असतातच. पण ते सेकंदाला जेमतेम मीटरभर खाली येतात, म्हणजे जमीन गाठायला तास लागतो आणि वाटेत त्यांचं पाणी होतं. वळवाचे टपोरे थेंब बऱ्याचदा असंच वितळलेलं बर्फ असतं. गारेचं वेगळं. तापलेली हवा जोरानं वर चढते, पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही न गोठता तरंगत राहतात, ते बर्फाच्या कणावर आदळून थरावर थर चढतो. वजन पेलेनासं झालं की गार सुटते. सेंटीमीटरभर जाडीची गार सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगानं येते. सहा-सात मिनिटांत ती पूर्ण कशी वितळणार?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटेच्या. त्याचा इथं संबंध नाही. आणि डोंगरावर पांढरं दिसलं ते प्रत्येक वेळी गाराच असतील असंही नाही. पाऊस उघडल्यावर घळीतून वर येणारं धुकं तसंच दिसतं. पाच मिनिटं नजर ठेवा, धुकं हलतं. वणव्याची राख करडी असते आणि पावसाआधीपासून तिथंच असते.

आता उसाचं. थंडीची भीती सोडा. गारांनी पानं फाटतील, शिवार बघवणार नाही, पण घाईनं ऊस कापू किंवा मोडू नका. लहान उसाचा वाढीचा कोंब जमिनीलगत, पोंग्याच्या म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांच्या आत सुरक्षित असतो. सरीतलं साचलेलं पाणी काढा, आठ-दहा दिवस थांबा, नवी पानं दिसू लागली की नत्र खताचा हप्ता द्या. पोंगाच मोडलेला किंवा वाळत चाललेला दिसला तर मात्र सहायक कृषी अधिकाऱ्यांना शेतावर बोलवा.

आंबा-काजूला जास्त जपावं लागतं, कारण गारेच्या जखमेतून बुरशी शिरते. मोडक्या फांद्या नीट छाटा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा, झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. काढणी जवळ आली असेल तर फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबण्याचा लेबलवरचा काळ पाळा. पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी वेचा, लोणच्याला जातील. झाडाखाली कुजत ठेवू नका. शेडनेटवर गारा साचल्या असतील तर विजा थांबल्यावर खालून बांबूनं हलक्या हातानं ढकलून द्या, नाहीतर वजनानं जाळी फाटते.

पट्टा अरुंद असल्यानं एकाचं शेत झोडपलं जातं आणि बांधापलीकडचं तसंच राहतं. म्हणून 'गावात नुकसान नाही' एवढ्यावर विसंबू नका. विशेषतः ज्यांचं रान डोंगराकडं आणि घर शहरात आहे, त्यांनी पांढरा पट्टा दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कर मारावी. गारा वितळल्या तरी फाटलेली पानं, फळांवरचे डाग आणि खोडाच्या एकाच बाजूचे व्रण राहतात. त्यांचे तारीख-ठिकाण दिसणारे फोटो काढा. फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर ७२ तासांत कळवावं लागतं, त्यामुळं पावती आजच काढून बघा. विमा नसला तरी पंचनाम्यासाठी अर्ज द्या. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीची अट असते, आणि ती पंचनाम्यावरच ठरते. पंचनामा होईपर्यंत बाग पूर्ण साफ करू नका, एक ओळ तशीच राहू द्या.