चौथ्या मात्रेवरचा डावा पाय

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कथकच्या वर्गात येऊन दोन महिने झाले तरी ‘ता थेई थेई तत्’च्या पुढे आपली गाडी सरकलेली नाही, शेजारच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलींना जे सहज जमते ते आपल्याला बाविसाव्या वर्षी जमत नाही, आणि आरशात पाहिले की आपले हात कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटतात, अशी तीन गाऱ्हाणी तू मांडली आहेस. वर्गात इतक्या जणींसमोर याचे सविस्तर उत्तर देता आले नसते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझ्या मते ही तिन्ही गाऱ्हाणी एकाच ठिकाणाहून निघतात. आपल्या शरीराचा भार या क्षणी नेमका कुठे आहे, हे तुला अजून ओळखता येत नाही. यात तुझा काही दोष नाही, कारण हे तुला आजवर कुणी विचारलेलेच नाही.

आधी उभे राहण्याविषयी. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवसापासून अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे वाकवून, बसावे लागते. तिच्या मांड्या भरून येतात आणि आपण काहीतरी अवघड करतो आहोत हे तिला शरीरच सांगते. कथकमध्ये सरळ उभे राहायचे असते, त्यामुळे त्यात शिकण्यासारखे काय आहे असा समज होतो आणि शरीर त्या बाबतीत गप्प राहते. पण तू उभी राहतेस तेव्हा मी मागून पाहिले आहे. गुडघे मागे रेटून ताठ केलेले, सगळा भार टाचांवर, आणि दिवसभर संगणकापुढे बसल्यामुळे मान पुढे आलेली. अशा उभ्या राहणाऱ्या माणसाला एक पाय नुसता उचलायचा म्हटले तरी आधी कंबर बाजूला सारावी लागते, मग ठेका चुकतो, आणि आपल्याला ताल येत नाही असे तो उगाच ठरवून टाकतो.

म्हणून रोज रियाजाच्या आधी पाच मिनिटे नुसती उभी राहा. पायांत काही घालू नकोस. तळपायाच्या तीन जागा ध्यानात घे: टाच, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा, आणि करंगळीच्या मुळाशी असलेला उंचवटा. दोन्ही पायांच्या या तिन्ही जागा जमिनीला सारख्या टेकल्या आहेत का, ते डोळे मिटून पाहा. डोळे मिटताच आपण किंचित डोलतो असे तुला जाणवेल. ते डोलणे थांबवण्याच्या भानगडीत पडू नकोस. घोट्याभोवतीचे स्नायू तोल सावरण्याचे काम सतत करत असतात आणि एरवी आपल्याला त्याचा पत्ता नसतो, इतकेच. गुडघा वाकलेला नको, पण मागे रेटलेलाही नको. तो केव्हाही वाकू शकेल इतका सैल असावा. पीएमपीच्या बसमध्ये तू उभ्याने प्रवास करतेस ना? तिथे दांडा अगदी हलक्या हाताने धरून पाहा. ब्रेक लागला की ताठ गुडघ्यांचा माणूस पुढच्यावर जाऊन आदळतो आणि सैल गुडघ्यांचा जागच्या जागी सावरतो. हा धडा कोणत्याही वर्गापेक्षा बसमध्ये लवकर मिळतो.

आता तत्काराकडे, म्हणजे बोलांवर पायांनी ताल देण्याकडे, येते, कारण खरी मेख तिथे आहे. पायांचा क्रम तुला पाठ आहे: ‘ता थेई थेई तत्’ला उजवा, डावा, उजवा, डावा, आणि ‘आ थेई थेई तत्’ला डावा, उजवा, डावा, उजवा. हे आठ बोल कागदावर लिहून त्यांच्याखाली पाय लिही, म्हणजे तुझ्या लक्षात येईल की चौथ्या बोलाला डावा पाय पडतो आणि पाचव्यालाही डावाच पडतो; आठव्याला उजवा पडतो आणि पुन्हा आवर्तनाला लागताना पहिल्यालाही उजवाच पडतो. चालताना आपण एकाच पायाने सलग दोन पावले कधीच टाकत नाही. पहिले पाऊल टाकायला लागल्यापासूनची सवय उजव्यानंतर डावा आणि डाव्यानंतर उजवा अशी आहे, आणि तत्कार ती सवय दर चार मात्रांनी, म्हणजे तालाच्या दर चार ठोक्यांनी, मोडायला लावतो. तू नेमकी तिथेच अडखळतेस. त्या लहान मुलीही तिथेच अडखळत होत्या, फक्त तेव्हा तू वर्गात आलेली नव्हतीस.

याचा उलगडा असा आहे. चालताना पाय जमिनीवर पडतो आणि त्याच्याबरोबर शरीराचा भारही त्या पायावर जातो. तत्कारात चौथ्या मात्रेला डाव्या पायाचा आघात पूर्ण, स्पष्ट व्हायला हवा, पण भार मात्र उजव्या पायावरच राहायला हवा, कारण पुढच्याच मात्रेला तो डावा पाय पुन्हा मोकळा हवा आहे. आघात एकीकडे आणि भार दुसरीकडे ठेवता येणे, हे कथकच्या पदन्यासाचे पहिले तंत्र आहे. पुढे तू जे काही लयीचे खेळ पायांनी करशील, ते सगळे याच्यावर उभे राहतील. परीक्षा करण्याची रीत सोपी आहे: अत्यंत संथ लयीत, मिनिटाला चाळीसेक मात्रांच्या वेगाने, पहिले चार बोल कर आणि चौथ्यावर थांब. आता धड जराही न हलवता डावा पाय उचलता येतो का ते पाहा. उचलला गेला, तर भार योग्य जागी होता. आधी उजवीकडे कलावे लागले, तर भार डाव्यावर सांडला होता. असे आठवडाभर कर आणि मगच न थांबता पुढे जा.

याच जागेत आणखी एक गंमत आहे, आणि ती मला स्वतःला शिकायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी कळली. त्रितालाच्या १६ मात्रांत हे आठ बोल दोनदा येतात. म्हणजे तोच पाय पुन्हा पडण्याची जागा पाचव्या, नवव्या, तेराव्या मात्रेला येते आणि फिरून समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, येते. त्रितालाचे विभाग नेमके इथेच सुरू होतात: समेला टाळी, पाचव्याला टाळी, नवव्याला खाली (टाळी न देता नुसता हात उघडणे), तेराव्याला टाळी. विभाग बदलला हे हाताने दाखवावे लागत नाही. पाय जागरूक असेल तर ते तळव्यालाच कळते. ज्या दिवशी तुला मात्रा न मोजता हे कळेल, त्या दिवशी दुगुनीला, म्हणजे एका मात्रेत दोन बोल बसवण्याला, हात घालू. तोवर दुगुन आणि चौगुन घरी करायची नाही. चौगुनीत एका मात्रेत चार बोल बसतात, म्हणजे मिनिटाला साठ मात्रांची लय असली तरी दोनशे चाळीस आघात होतात. ठाय, म्हणजे संथ, लयीत झाकली गेलेली चूक तिथे चौपट होऊन बाहेर येते आणि त्याहून वाईट म्हणजे अंगात मुरते.

आघात कसा असावा, हे पाहण्यापेक्षा ऐकण्याने लवकर कळते. तळवा सपाट, एकदम पडला तर एकच स्वच्छ आवाज येतो. चवडा आधी आणि टाच मागून पडली तर जोडआवाज येतो. टाच आधी आदळली तर बोजड ‘धप्प’ असा आवाज होतो आणि त्याचा हादरा गुडघ्यापर्यंत पोहोचतो. पाय फार उचलण्याची गरज नाही. आवाज उंचीतून येत नाही, तळवा मोकळा आणि सैल सोडण्यातून येतो. घुंगरू कधी घ्यायचे असे तू विचारले आहेस. मोठ्या विद्यार्थिनी एका पायात साधारण १०० घुंगरांचा चाळ बांधतात, तुला सुरुवातीला ५० पुरेत, आणि तेही मी सांगेन तेव्हा. घुंगरांना आपण अलंकार समजतो, पण खरे तर ते साक्षीदार आहेत. पाय काय करतो आहे ते साऱ्या सभागृहाला सांगतात. पण तळव्याचा स्वतःचा आवाज ओळखू येण्याआधी ते बांधले, तर त्यांच्या छुमछुमाटात तळव्याच्या चुका बेमालूम लपतात.

इथे माझीच एक हकिगत सांगते. तुझ्याहून लहान असताना मी घराच्या गच्चीवर, सिमेंटच्या कोब्यावर, पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून रियाज करत असे, आणि आवाज जितका मोठा तितका रियाज चांगला असे मला वाटे. चार महिन्यांत नडगीच्या हाडावर एका जागी कळ येऊ लागली. मी कुणाला सांगितले नाही. पुढे पाय टेकवणे अशक्य झाले तेव्हा डॉक्टरांनी सहा आठवडे नाच बंद केला. म्हणून तुला दोन प्रकारची दुखणी वेगळी ओळखता यायला हवीत. पोटरी किंवा मांडी सगळीकडून भरल्यासारखी वाटणे आणि दोन दिवसांत उतरणे, हे रियाजाचे दुखणे आहे. हाडावर बोट ठेवले असता एकाच जागी कळ येणे, सांध्यात टोचणे, किंवा सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेत दुखणे, हे रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवण्याचे दुखणे आहे. तुझ्या घरी फरशी असेल तर शक्य तो लाकडी फळीवर उभी राहा, आणि काहीच नसेल तर आघात निम्म्या जोराने कर. त्या सहा आठवड्यांत मी खुर्चीत बसून हाताने टाळी-खाली देत नुसती पढंत केली, म्हणजे बोल तोंडाने म्हटले, आणि पुन्हा उभी राहिले तेव्हा पाय आधीपेक्षा चोख पडत होते. तेव्हापासून बोल तोंडात बसल्याशिवाय पायांत उतरवायचे नाहीत, हा नियम मी माझ्या विद्यार्थिनींना लावते. तू शाळेत लेझीम खेळलेली आहेस असे म्हणाली होतीस. हाताच्या ठेक्याबरोबर पाय टाकण्याची ओळख तुला आहे, फक्त तिथे हलगी किंवा ढोल तुला ओढून नेत असे आणि इथे तुझे तोंड नेणार आहे.

हातांविषयी थोडेच लिहिते. छातीसमोर हात आणण्याची आपली जी मूळ जागा आहे, त्या उत्पत्तीत तुझे कोपर पडतात आणि ते उचलायला सांगितले की खांदे कानांकडे जातात. भिंतीला पाठ लावून उभी राहा, टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे ठेव, खांद्यांच्या पाती भिंतीवरून खाली घसरू दे आणि मग कोपर उचल. पाती खाली राहिल्या की कोपर त्यांच्या आधाराने वर राहतो आणि मानेला काही करावे लागत नाही. हात परके वाटतात, याचे कारण तू ते आरशात शोधतेस. आपला हात कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा स्नायूंत आणि सांध्यांत असते, डोळे मिटले तरी घास तोंडातच जातो तो तिच्यामुळे. तेव्हा रात्री डोळे मिटून हात उत्पत्तीत आण, थांब, आणि मग डोळे उघडून पाहा. पहिले काही दिवस एक हात वर आणि एक खाली दिसेल. दुरुस्त कर आणि पुन्हा डोळे मीट. आरसा झालेली चूक दाखवतो, होत असलेली चूक तुला आतूनच कळायला हवी. मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर आठवड्यातून एकदा, बाजूने आणि फक्त कमरेपासून खालचे कर. चेहरा दिसला की आपण पायांकडे पाहत नाही.

चक्करांची, म्हणजे गिरक्यांची, घाई नको. चक्कर घेताना भोवळ येते ती कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवामुळे. आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही. त्यासाठी नजर समोर एका ठिकाणी ठेवून मान सर्वांत शेवटी वळवायची आणि सर्वांत आधी परत आणायची असते. पण डाव्या टाचेवर फिरताना भार त्या टाचेवर नेमका यायला हवा, आणि तो आणता येण्यासाठी वर लिहिलेले सगळे आधी हवे.

आपले घराणे कोणते, असेही तू विचारले आहेस. १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती या कथक संस्थेची स्थापना करणाऱ्या रोहिणी भाटे यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोन्ही कथक गुरूंकडून शिक्षण घेतले, एवढे सध्या लक्षात ठेव. लखनौ, जयपूर आणि बनारस या घराण्यांतला फरक तुला शब्दांनी सांगण्यापेक्षा तुझा तळवा तो ओळखण्याजोगा झाल्यावर दाखवेन. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला यंदा बसावे का, हा तुझ्या आईंचा प्रश्न रास्त आहे, आणि माझे उत्तर ‘यंदा नको’ असे आहे. त्यांना माझा नमस्कार सांग आणि राग मानू नका म्हणावे.

वयाबद्दल एकच सांगते. नऊ वर्षांच्या मुलीला चौथ्या मात्रेची मेख समजावून सांगता येत नाही. तिच्याकडून ती शेकडो वेळा करून घ्यावी लागते. तुला ती एका पत्रात सांगता येते. शरीर तिचे लवकर वळते, समज तुझी लवकर वळते, आणि रियाजाचे तास दोघींनाही सारखेच लागतात.

येत्या रविवारी वर्गाला येताना रोजच्या वापरातल्या जुन्या, झिजलेल्या चपला घालून ये, नव्या नकोत. उजव्या चपलेची टाच बाहेरून अधिक झिजली आहे की आतून, आणि डावीचे काय, हे आपण दोघी मिळून पाहू, आणि मग कुठल्या पायापासून काम सुरू करायचे ते ठरवू.

तुझी,
ताई