जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांच्याबद्दल सामान्य माणसाचं मत चांगलं आहे की वाईट?

बँकेबद्दल मत नसतंच हो. गावात योजना कोणी राबवली, त्याच्याबद्दल असतं. त्यांची मुख्यालयं, वॉशिंग्टन नाहीतर मनिला, कोण बघून आलंय?

येवल्याकडच्या आमच्या गावात जलस्वराज्य ही नळाच्या पाण्याची योजना आली तेव्हा मी पाणीपुरवठा समितीवर होतो. पैसा जागतिक बँकेचा, पण खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी गावाने भरायची. ग्रामसभेत आमचे चुलते उठले, "एवढी मोठी बँक अन् आपल्याकडं वर्गणी मागती? मधलेच खाणार!" झालं, गाव बिथरलं. लाल कांदा विकून पट्टी हातात पडली की माणूस जरा नरम असतो, म्हणून तेव्हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो. कोणी शंभराची नोट टेकवली, कोणी चहा पाजून "बँकेला सांग उधार ठेव" म्हणत वाटेला लावलं. बायकांनी मात्र बचत गटातून पैसे उभे केले. हंडे त्यांच्याच डोक्यावर होते ना. काकांनी शेवटपर्यंत दमडी दिली नाही. आणि नळाला पाणी आल्यावर म्हशी सर्वांत आधी कोणाच्या गोठ्यात धुतल्या गेल्या, ते विचारू नका.

पुढे पाइपलाइन नांगराला लागून फुटायला लागली, कारण ठेकेदाराने ती वरवरच पुरली होती. शिव्या कोणाला? टाकीवर नाव रंगवलेलं, त्या जागतिक बँकेला. ठेकेदार आपला गावातल्या लग्नांत फेटा बांधून मिरवतोय.

"देश गहाण टाकला" हे काकांचं पालुपद अजून चालू आहे. अहो, कर्ज केंद्र सरकार घेतं, आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांत फेडायचं, पहिली १५ वर्षं मुद्दलाचा हप्ता नाही. दाखवा असा सावकार! (येन वधारला तर भुर्दंड आपल्याला, हे खरं. आणि सरकारी कर्ज शेवटी आपल्याच करातून फिटतं, हेही.)

तुम्ही सर्व्हे वगैरे करणार असाल तर आधी वर्गणीची पावती बघा, मग मत विचारा.

पण नंदुरबारकडे हा नियम लावू नका. सरदार सरोवर धरणासाठी याच जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. आपल्याकडची ३३ आदिवासी गावं बुडितात गेली. बँकेनेच नेमलेल्या मॉर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाचे वाभाडे काढले, आणि पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. धरण थांबलं नाहीच. तिथल्या माणसाने बँकेला शिव्या घातल्या तर मी गप्प ऐकून घेईन. काकांचं ऐकणार नाही.